ठेका कुणाचा? ब्लॅक सॅबथच्या 'थर्टीन'चं प्रकरण

जून २०१३मध्ये ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा 'थर्टीन' हा अल्बम बाजारात आला तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो. ऑझी ऑस्बोर्न गातोय असा त्यांचा आधीचा पूर्ण स्टुडिओ अल्बम १९७८चा, म्हणजे मधे पस्तीस वर्षं गेलेली. त्यातली वीसेक वर्षं मी स्वतः वाट पाहिली होती. अल्बम हातात आला त्या आठवड्यात मी तो तीनदा ऐकला. रात्री, घरातले झोपल्यावर, मन लावून. चौथ्यांदा लावायला हात उचलेना.

अल्बम पडला असता तर निदान हळहळता आलं असतं. पण झालं उलटंच. इंग्लंडमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला. त्याआधी सॅबथ तिथे पहिल्या क्रमांकावर पोचले होते ते १९७०च्या 'पॅरानॉईड'मुळे, म्हणजे दोन अव्वल अल्बममध्ये ४२ वर्षं ८ महिन्यांचं अंतर, आणि तो तेव्हा विक्रम ठरला. अमेरिकेत तर त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच पहिला क्रमांक मिळाला, पहिल्याच आठवड्यात १,५५,००० प्रती खपल्या. पुढच्या जानेवारीत 'गॉड इज डेड?' या गाण्याला ग्रॅमी मिळालं. बहुतेक समीक्षकांनी पाठ थोपटली. आणि मी मात्र रिकाम्या हाताने बसलो होतो.

बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घातली की माणसं म्हातारी झाली, दम गेला, आपणच नको ती अपेक्षा ठेवली. आता मला ते कारण पटत नाही. 'थर्टीन'चं जे बिघडलं ते वयामुळे बिघडलं नाही. कसं बिघडलं ते इथे सविस्तर मांडतो. जुन्या हार्ड रॉक बँडच्या पुनरागमनाची कितीतरी उदाहरणं आहेत, पण हे प्रकरण मी सगळ्यात जवळून पाहिलं, आणि काय व्हायला हवं होतं याचा पुरावा पुढे बँडच्या मूळ चौघांनी दिला, बारा वर्षांनी.

एक कॅसेट, दोन बाजू

कॉलेजात असताना माझ्या मित्राचा मोठा भाऊ बोटीवर नोकरीला होता. दादा सुट्टीवर आला की बरोबर एलपी आणायचा आणि आम्ही टीडीकेची नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घेऊन त्याच्या दारात हजर. माझ्या कॅसेटच्या ए बाजूला सॅबथचा पहिला अल्बम होता, अडतीस मिनिटांचा. बी बाजूला 'पॅरानॉईड', बेचाळीस मिनिटांचा. दोन्ही १९७०चेच, एक फेब्रुवारीतला, दुसरा सप्टेंबरातला. दोन्ही बाजूंना शेवटी थोडी फीत उरायची आणि ती सुरसुरत संपेपर्यंत मी तसाच बसून राहायचो.

लहानपणी मी चार वर्षं तबला शिकलो होतो. पुढे सुटला, पण कान ठेक्याकडे आधी जातो ही सवय राहिली. त्यामुळे सगळी पोरं गिटारवादक टोनी आयॉमीच्या रिफबद्दल, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीबद्दल, बोलत असताना मला आधी ऐकू आला तो बिल वॉर्ड. हा ड्रमर जॅझ ऐकत वाढलेला, जीन क्रुपा आणि बडी रिच यांना मानणारा. वर गिटार दगडासारखी जड, आणि खाली हा माणूस झुलतोय. ठोका जिथे पडेल असं वाटतं तिथे तो पडत नाही, किंचित मागे पडतो, आणि त्या किंचित मागे पडण्यात सगळी गंमत असते. 'फेअरीज वेअर बूट्स' ऐका. ते गाणं नाचतं. सॅबथ म्हणजे अंधार, भुतं, काळे कपडे एवढंच ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे खरं वाटणार नाही, पण हा बँड झुलायचा.

'वॉर पिग्ज'चा अंतरा घ्या. गिटारचे दोन ठोके पडतात आणि सगळं थांबतं. त्या पोकळीत उरतो ऑझीचा आवाज आणि वॉर्डच्या हाय-हॅटची, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या जोडझांजेची, टिकटिक. ती टिकटिक घड्याळासारखी नाही. गायकाचं वाक्य संपत आलं की ती जरा पुढे सरकते, पुढच्या दोन ठोक्यांना हात पुढे करते. आपल्याकडे चांगला साथीदार गायकाच्या तोंडाकडे बघून वाजवतो, तसंच हे. वॉर्ड आकडे मोजत नव्हता. ऑझीकडे आणि आयॉमीकडे बघत होता.

आणि हे चौघे एकमेकांकडे बघायला शिकले ते नाइलाजाने. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातली कामगारांच्या घरातली मुलं. आयॉमी पत्र्याच्या कारखान्यात होता. वय सतरा, कामाचा शेवटचा दिवस, आणि त्याच दिवशी यंत्राखाली उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे उजवा हात तारा दाबणारा. त्याने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं बनवली, ती बोटांवर बसतील अशी घासली, वर कातडं चिकटवलं. तारा हलक्या घेतल्या आणि पुढे त्यांचा ताण कमी करण्यासाठी गिटारची पट्टीच खाली उतरवली. आज जगभर ज्याला हेवी मेटलचा आवाज म्हणतात त्याची सुरुवात अशी एका जखमेच्या सोयीतून झाली. पहिला अल्बम त्यांनी लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत जवळजवळ एका दिवसात वाजवून टाकला. निर्माता रॉजर बेन. आपला आवाज कसा असावा हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायला तसा आवाज आधी कुठे नव्हताच.

अकरा-अकरा-अकरा

मधला इतिहास थोडक्यात. ऑझीला १९७९मध्ये काढलं. गायक म्हणून रॉनी जेम्स डिओ आला आणि त्याच्याबरोबर १९८०मध्ये 'हेवन अँड हेल' हा उत्तम अल्बम झाला. मग माणसं येत-जात राहिली, फक्त आयॉमी कायम. १९९७च्या डिसेंबरात मूळ चौघे बर्मिंगहॅमला एकत्र वाजले, त्याचा थेट अल्बम पुढच्या वर्षी आला, त्यात फक्त दोन नवी गाणी. १९९८मध्ये वॉर्डला हृदयविकाराचा झटका आला, तरी तो सावरून परतला. २००१मध्ये निर्माता रिक रुबिनबरोबर नवा अल्बम करायचा प्रयत्न अर्ध्यात सुटला. २००९मध्ये तर बँडच्या नावावरून ऑझीने आयॉमीवर न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली. त्याच वर्षी, मे महिन्यात, डिओ गेला.

मग ११ नोव्हेंबर २०११. लॉस एंजेलिसचा 'व्हिस्की ए गो गो' हा क्लब, सूत्रसंचालनाला हेन्री रोलिन्स, आणि समोर चौघे एका रांगेत. नवा अल्बम, जगाचा दौरा, निर्माता रुबिन. त्या दिवशी चौघांचा एकत्र फोटो पाहून मला भरून आलं होतं, हे सांगायला मला काही वाटत नाही.

पुढचे तीन महिने मात्र सगळं उलटं फिरलं. जानेवारी २०१२मध्ये आयॉमीला लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग, असल्याचं जाहीर झालं. २ फेब्रुवारीला बिल वॉर्डचं निवेदन आलं. बॅगा भरून इंग्लंडला निघायला मी तयार आहे, अल्बमवर वाजवायची मनापासून इच्छा आहे, पण जवळपास वर्षभर बोलणी होऊनही सही करण्याजोगा करार माझ्यापुढे आलेला नाही, अशा अर्थाचं. पुढे ऑझीने मुलाखतीत दुसरी बाजू मांडली. बिलचं वजन वाढलं होतं, अख्ख्या कार्यक्रमाचा ताण त्याला झेपला नसता, असं त्याचं म्हणणं. वॉर्डला ते लागलं. २०१५मध्ये दोघांचं जाहीर वाजलंसुद्धा.

करारात काय होतं हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही आणि खरं-खोटं करणं माझं काम नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. तब्येतीचा मुद्दा दौऱ्यापुरता मी मान्य करतो. दीड तास रोज रात्री वाजवणं पासष्टीच्या माणसाला सोपं नाही. पण अल्बमला दीड तास सलग वाजवावं लागत नाही. एक गाणं वाजवा, चहा प्या, पडा जरा, परत वाजवा. दौऱ्याला दुसरा ड्रमर घेतला असता तर चाहत्यांनी ते समजून घेतलं असतं. २०१२मध्ये टॉमी क्लुफेटोसने मंचावर वाजवलं आणि चांगलं वाजवलं, लोकांनी त्याला स्वीकारलंही. पण स्टुडिओतली जागा रिकामी राहिली ती कागदामुळे राहिली, दमामुळे नाही. पहिला घाव तिथे बसला.

मॅलिबूतला स्टुडिओ

ध्वनिमुद्रण मुख्यतः कॅलिफोर्नियात, मॅलिबूच्या शँग्री-ला स्टुडिओत झालं. आयॉमीचे उपचार चालू होते आणि दर सहा आठवड्यांनी त्याला इंग्लंडला परतावं लागे. त्या अवस्थेत तो रिफ रचत होता, हे लक्षात ठेवून मी पुढचं लिहितोय. त्याच्याबद्दल माझ्या मनात तक्रारीचा शब्द नाही.

रुबिन हा या प्रकरणातला मोठा माणूस. अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशला म्हातारपणी त्याच्याच आवाजात उभं करणारा निर्माता. म्हणून तर आशा होती. रुबिनने काय केलं, हे बँडने नंतर मुलाखतींत सांगितलं. त्याने त्यांना बसवून १९७०चा पहिला अल्बम ऐकवला. हेवी मेटल नावाचं काही अस्तित्वात नाही असं समजा, आणि आज तुम्ही या अल्बमनंतरचा दुसरा अल्बम करताय असं समजा. आयॉमीने सांगितलंय की आवाज त्या काळासारखा यावा म्हणून जुने अँप्लिफायरही आणून ठेवले होते. बेसवादक गीझर बटलरने पुढे स्पष्टच म्हटलं की ही कल्पना त्याला हास्यास्पद वाटली होती.

मला हा सल्ला कळतो. जॉनी कॅशच्या बाबतीत रुबिनने भोवतीचा पसारा काढून टाकला आणि मागे उरला थकलेला, खरा आवाज. इथेही त्याला पसाराच काढायचा असणार. पण कॅशला त्याने, तू परत चोवीस वर्षांचा हो, असं सांगितलं नव्हतं. सॅबथला नेमकं तेच सांगितलं. ज्या माणसाने बोटं गमावल्यानंतर हाताला जमेल तसा आवाज शोधला, त्याला पंचेचाळीस वर्षांनी सांगितलं गेलं की तोच आवाज परत काढ. पूर्वी त्याचं शरीर जे मागेल ते त्याने केलं होतं. आता त्याच्या शरीराला नवं काही हवं होतं का, हे कुणी विचारलं नाही.

आणि ड्रमर. रुबिनने आधी जिंजर बेकरचं नाव सुचवलं, ते आयॉमीला पटलं नाही. शेवटी रेज अगेन्स्ट द मशीनचा ब्रॅड विल्क आला. विल्क उत्तम ड्रमर आहे, त्याच्या बँडमध्ये त्याचा ठेका भिंतीसारखा उभा राहतो. त्याच्याकडून जे मागितलं ते त्याने चोख दिलं. पण विचार करा, सांगितलं काय होतं? पहिल्या अल्बमसारखं वाजवा. आणि पहिल्या अल्बमचा अर्धा जीव ज्याच्या मनगटात होता तो माणूस त्या खोलीत नव्हता. नक्कल करायचीच ठरवली तर निदान मूळ तरी पूर्ण हवं.

हेडफोन लावून

आता अल्बमकडे. हे मी नुकतंच पुन्हा करून पाहिलं. पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं, बँडच्याच नावाचं, आणि 'थर्टीन'मधलं पहिलं गाणं 'एंड ऑफ द बिगिनिंग' पाठोपाठ ऐकलं. सांगाडा तोच आहे. संथ, जड सुरुवात. मग सगळं खाली येतं आणि ऑझी एकटा पडल्यासारखा गातो. मग पुन्हा कोसळणं, आणि शेवटाकडे वेग. इतकं सारखं, की कागदावर आखणी करून एकावर एक ठेवली तर जुळेल.

मग फरक कुठे? जुन्या गाण्यात ऑझी गात असताना वॉर्ड ठेका धरतच नाही म्हटलं तरी चालेल. टॉम ड्रमवर एक घरंगळणारा आघात, मग शांतता, मग झांजेला हलका स्पर्श, आणि गिटारच्या तीन स्वरांच्या मधे कुठेतरी अवचित पायाचा ठोका. अंधारात कुणी चाचपडत चालावं तसं. भीती वाटते ती त्या चाचपडण्याची. नव्या गाण्यात त्याच जागी विल्क मोजूनमापून, समेला सम, बरोबर वाजवतो. रस्त्यावर दिवे लावलेले आहेत आणि खड्डा कुठे आहे ते आधीच ठाऊक आहे. मग भीती कसली?

असं एकेक गाणं जोडीला लावता येतं. 'लोनर'चा रिफ 'एन.आय.बी.'चा भाऊ शोभतो. 'झाइटगाइस्ट'मध्ये शांत गिटार, कोंगावर हात, आवाजाला पाण्याखालून येतोय अशी छटा, शेवटी जॅझच्या अंगाने जाणारा सोलो. ही सगळी 'पॅरानॉईड'वरच्या 'प्लॅनेट कॅरव्हॅन'ची सामग्री. अल्बमचं शेवटचं गाणं 'डिअर फादर' संपताना पाऊस, गडगडाट आणि चर्चची घंटा ऐकू येते. १९७०चा अल्बम ज्याने उघडतो तेच. पुष्कळांना हा शेवट हृद्य वाटला. वर्तुळ पूर्ण झालं म्हणाले. मला मात्र वाटलं की शेवटी त्यांना स्वतःच्या घराच्या दारावरही जुनी पाटी लावावी लागली, आम्हीच ते, हे पटवायला.

आणखी एक गोष्ट, तांत्रिक आहे, पण सोडता येत नाही. अल्बमचं ध्वनिमिश्रण इतकं दाबून केलंय की हळू आणि मोठा आवाज यांतलं अंतरच उरलेलं नाही. त्या वर्षांत सगळेच असं करत. सगळे आवाज छताला टेकवायचे, म्हणजे गाडीत, फोनवर, कुठेही लावलं तरी दणदणीत वाटतं. पण सॅबथची सगळी कला या अंतरावर उभी आहे. जुन्या कॅसेटवर पावसाच्या सरीनंतर गिटार कोसळायची तेव्हा मी खुर्चीत दचकायचो, शेजारच्या खोलीतून आई विचारायची, काय पडलं रे? 'थर्टीन' ऐकताना कुणी दचकत नाही. त्रेपन्न मिनिटं सगळं मोठ्यानेच चालू असतं, आणि कान थकतो. जुन्या आवाजाची एवढी आराधना करून शेवटच्या टप्प्यावर तो असा सपाट केला, याचं मला आजही वाईट वाटतं.

'डॅमेज्ड सोल'

एक गाणं मात्र मी बाजूला काढून ठेवलंय. सातवं, 'डॅमेज्ड सोल'. पावणेआठ मिनिटांच्या आसपासचा ब्लूज. हे एकत्र बसून थेट वाजवलेलं आहे. ऑझीचा हार्मोनिका आहे, गीझरचा बेस गिटारला हात न लावता तिच्याभोवती फिरतो, आणि आयॉमीचे सोलो त्या क्षणी सुचलेले वाटतात, कारण ते तसेच आहेत. इथे कुणी २१ वर्षांचं असल्याचा आव आणत नाही. ऑझीचा आवाज खालच्या पट्टीत, थोडा चिरलेला, आणि तो तसाच ठेवलाय. इथे विल्कसुद्धा सैल होतो. हे गाणं ऐकताना कळतं की चौसष्ट-पासष्टचे हे लोक काय करू शकले असते. दमलेल्या माणसांचा संथ, जड, शहाणा ब्लूज. हे त्यांनी पूर्वी केलं नव्हतं, करूच शकले नसते, त्यासाठी आयुष्य जायला हवं होतं.

आपण ज्या संगीतात वाढलो तिथे वय अपात्रता ठरत नाही. मल्लिकार्जुन मन्सूर यांना खरी कीर्ती साठीनंतर मिळाली आणि ते अखेरपर्यंत गात राहिले. लोक त्यांच्या तरुणपणीचा दम शोधायला जात नसत. दम कमी झाल्यावर राग किती कमी स्वरांत उभा राहतो, हे ऐकायला जात. पट्टी उतरवली म्हणून कुणी नाक मुरडत नाही. रॉकच्या बाजारात मात्र तरुणपण हाच माल आहे, आणि म्हाताऱ्या बँडकडून तो मागितला की त्यांना तो कुठून तरी आणावा लागतो. 'थर्टीन'च्या एक वर्ष आधी व्हॅन हेलनचा पुनरागमनाचा अल्बम आला. त्यातली बरीच गाणी सत्तरच्या दशकातल्या त्यांच्याच जुन्या डेमोंवरून उभी केलेली. तिथेही मूळ चौघांतला एक, बेसवाला मायकेल अँथनी, नव्हता. गन्स अँड रोझेसचा 'चायनीज डेमॉक्रसी' २००८मध्ये आला तेव्हा गाजलेल्या फळीतला ॲक्सल रोज सोडून गिटार-बेस-ड्रमवर कुणीच उरलं नव्हतं. उलट डीप पर्पलचे पाच जण १९८४मध्ये 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'साठी एकत्र आले, पाचही मूळ सुवर्णकाळातले, आणि तो अल्बम आजही उभा आहे. आता त्यांतला एक सोडला तर तेव्हा कुणाची चाळिशीही उलटली नव्हती, म्हणून ही तुलना मी फार ताणत नाही. पण खोलीत कोण आहे याने फरक पडतो, एवढं त्यातून दिसतं.

नंतर

बँडनेच या अल्बमचा निकाल कसा लावला ते पाहण्यासारखं आहे. 'थर्टीन'च्या वेळची उरलेली चार गाणी त्यांनी निरोपाच्या दौऱ्यात फक्त कार्यक्रमाच्या जागी विकली. ४ फेब्रुवारी २०१७ला बर्मिंगहॅममध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. त्या रात्री 'थर्टीन'मधलं एकही गाणं त्यांनी वाजवलं नाही. चार वर्षांपूर्वी दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेलेला, ग्रॅमी मिळवलेला अल्बम, आणि निरोपाच्या रात्री त्याला जागा नाही. त्या रात्रीही ड्रमवर क्लुफेटोस होता. वॉर्ड अमेरिकेत, आपल्या घरी. बिल नव्हता म्हणून ते पुनर्मीलन खरं झालंच नाही, असं पुढे ऑझी स्वतःच बोलून गेला.

मी तेव्हा हा विषय मनातून संपवला होता. जुन्या बँडचा नवा अल्बम आला की बातमी वाचायची, ऐकायचा नाही, असं ठरवून टाकलं. मुलगा विचारायचा, बाबा, तुमच्या लोकांचा नवीन अल्बम आलाय, लावू का? मी म्हणायचो, नको, राहू दे. 

मग ५ जुलै २०२५. ॲस्टनमधलं व्हिला पार्क फुटबॉल मैदान, ऑझी ज्या घरात वाढला तिथून चालत जाता येईल एवढ्यावर. ऑझीला पार्किन्सन्स असल्याचं जगाला २०२०पासून माहीत होतं. त्याला चालता येत नव्हतं. मेटॅलिकापासून गन्स अँड रोझेसपर्यंत सगळे दिवसभर वाजले, पैसे पार्किन्सन्सच्या संशोधनाला आणि बर्मिंगहॅममधल्या मुलांच्या इस्पितळाला व हॉस्पिसला जाणार होते. ऑझी मंचाखालून काळ्या सिंहासनात बसून वर आला, आधी आपली पाच गाणी गायला. आणि मग सॅबथ. आयॉमी, गीझर, आणि ड्रमच्या मागे सत्त्याहत्तर वर्षांचा बिल वॉर्ड. वीस वर्षांनी चौघे मंचावर एकत्र वाजवायला.

आपल्याकडे ६ जुलैची पहाट झाली होती. मुलगा आणि मी दिवाणखान्यात, आवाज लहान ठेवून, हेडफोनचा एकेक कान वाटून घेतलेला. 'वॉर पिग्ज' सुरू झालं. गिटारचे दोन ठोके, पोकळी, आणि हाय-हॅटची ती टिकटिक. लय सैल होती. ऑझीचा आवाज जागोजागी तुटत होता, तो सिंहासनातून उठायची धडपड करत होता आणि उठता येत नव्हतं. वॉर्डने मधेच शर्ट काढून टाकला आणि उघड्या अंगाने वाजवू लागला. ठोका जिथे पडेल असं वाटत होतं तिथे पडत नव्हता, किंचित मागे पडत होता. कॅसेटवर पडायचा तसाच. चौघेही एकमेकांना सांभाळत होते. एक मागे पडला की तिघे थांबत. कुणीही तरुण दिसायचा प्रयत्न करत नव्हता, आणि त्या वीस-पंचवीस मिनिटांत मला माझा बँड परत मिळाला. मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, हेच का ते? मी मान हलवली, बोलता येत नव्हतं.

सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला.

'थर्टीन' मी त्यानंतर एकदा पुन्हा पूर्ण ऐकला, या लेखासाठी. 'डॅमेज्ड सोल' आता माझ्या फोनवर आहे, बाकीची सात गाणी नाहीत. आणि माळ्यावरच्या खोक्यातून ती टीडीकेची कॅसेट शोधून काढली. वाजवायला यंत्र नाही, पण दादाच्या अक्षरातली गाण्यांची यादी अजून वाचता येते. व्हिला पार्कला त्या चौघांनी मिळून चारच गाणी वाजवली: 'वॉर पिग्ज', 'एन.आय.बी.', 'आयर्न मॅन', 'पॅरानॉईड'. एक ए बाजूचं, तीन बी बाजूची.